चार पियानो आणि चौदा भेंडोळी

पियानोवाल्यांचे किस्से एकदा साठायला लागले की आवरत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच डोकं वर काढतो. परवा नातीने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हणाली, "आजोबा, तुमच्यासारखे आपोआप वाजणाऱ्या पियानोचे मालक जगभर आहेत. गाण्यांच्या फाइली एकमेकांना अशा पाठवतात. बटण दाबलं की पोचली!" त्यातल्या एकाची तक्रार होती, की आलेल्या फाइलमध्ये एक सूर जास्तीचा वाजतो, तो कुठून आला कळत नाही. मी म्हटलं, "त्याला लिही, कागदाला कसर लागली होती का बघ." तिला काही कळेना. मग पहिल्यापासून सांगणं आलं.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं, तेव्हाचं हे ग्वाल्हेर. आमच्या लष्कर भागात असे पियानो चार. खाली दोन पेडल, वर कागदाचं भेंडोळं. पेडल मारले की कागद पितळी पट्टीवरून सरकतो, आणि जिथे भोक असेल तिथला सूर आपोआप वाजतो. वाजवणाऱ्याला वाजवता यावं लागत नाही. आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

एक पियानो भाऊसाहेबांचा, एक शास्त्रीबुवांचा, एक माझा आणि एक कमळाबाईंच्या मुलींच्या शाळेतला. विलायतेहून नवी भेंडोळी येणं केव्हाच बंद झालं होतं. चौघांची मिळून होती चौदा. ती फिरवून फिरवून ऐकायची.

*

भेंडोळं ऐकून झालं की उलटं गुंडाळून मगच पुढच्या घरी द्यायचं, हा नियम कमळाबाईंचा. बाई मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे नियम आम्हालाही लागू होते.

भाऊसाहेब मात्र पाळत नसत. ते दरबारच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. रिसाला विलीन झाला, भाऊसाहेब झाले नाहीत. बाई तडक खासगी बाजारात त्यांच्या घरी गेल्या. "भाऊसाहेब, भेंडोळं परत का फिरवत नाही?"

"बाई, आमच्या घराण्यात कुणी परत फिरलेलं नाही!"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, "मग मीही यापुढे न फिरवताच पाठवून देईन."

तेव्हापासून भाऊसाहेबांना गाणं ऐकण्याआधी स्वतः भेंडोळं फिरवावं लागे. मी एकदा बघितलं, तर मला म्हणाले, "हे परत फिरणं नव्हे. ही तयारी आहे."

*

शास्त्रीबुवांना पियानो दानात मिळाला होता. एक सरदार घराणं पुण्याला निघालं, त्यांनी जाताना सोडलेलं हे दान. नाही म्हणता येईना. पण घरी आणल्यावर बुवांच्या लक्षात आलं, की हे वाद्य पायाने वाजवायचं. सरस्वतीला पाय कसा लावायचा?

आठ दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. स्नान करून ते पियानोपुढे जमिनीवर बसत आणि दोन्ही हातांनी पेडल दाबत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वर भेंडोळं लावून देत. बुवांना खालून काही दिसत नसे, पण दोष लागत नसे.

एकदा हजीरा भागातले एक यजमान मुहूर्त विचारायला आले. बघतात तो पट्ट्या आपोआप खालीवर होताहेत आणि समोर बुवा उघड्या अंगाने वाकून बसलेले. यजमान दारातूनच ओरडले, "महाराज ने तो बाजा सिद्ध कर लिया!"

दुसऱ्या दिवशी दारात अकरा माणसं. मी बुवांना विचारलं, तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं? बुवा शांतपणे म्हणाले, "कुणी विचारलंच नाही."

*

मध्यभारताचं सरकार सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असे. इंदूरच्या एका वकिलांकडेही असाच पियानो असल्याचं कळलं, आणि भाऊसाहेब म्हणाले, राज्यं एक झाली तर भेंडोळीही एक करू. मी पहिलं भेंडोळं घेऊन टपाल कचेरीत गेलो.

"क्या है इसमें?" बाबूंनी विचारलं.

"गाना है."

"खोलिए."

उघडलं. बाबू कागद ओढत गेले. काउंटरपासून दारापर्यंत गेला, तरी संपेना. रांगेतल्या लोकांनी तो जमिनीला लागू नये म्हणून हातांवर धरला. बाबू चष्मा लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आले. मग भोकांवर बोट ठेवत मान हलवून म्हणाले, "भाई साहब, इसमें तो दीमक लग चुकी है. बाद में हमारा नाम मत लेना."

आणि पुडक्यावर लाल शाईने लिहिलं, "भेजने से पहले ही ख़राब."

वकीलसाहेबांचं उत्तर आठवड्याने आलं. गाणं उत्तम आहे. ख़राब नसलेलं एखादं असल्यास तेही पाठवावं.

*

फिरून फिरून भेंडोळी फाटायला लागली, तेव्हा नकला करायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी जमिनीचे नकाशे उतरवणारा ट्रेसर. मूळ भेंडोळी बाईंच्या कपाटात ठेवायची आणि आम्ही तिघांनी नकला वाजवायच्या, असं ठरलं.

साधा कागद टिकेना. बाई म्हणाल्या, "शाळेत दरबारी कागद पडलाय तो घेऊन जा. त्या राज्यालाच कुणी विचारत नाही, तर कागदाला कोण विचारतंय!" त्यांनी कपाट आवरून एक गठ्ठा माझ्या सायकलला बांधून दिला. जुने फॉर्म, परिपत्रकं, असलंच काहीबाही. कागद मात्र अस्सल, चामड्यासारखा. मी पान आडवं लावायचो, खळीने जोडायचो आणि भोकं पाडायचो.

पहिली नक्कल केली ती वॉल्ट्झची, म्हणजे एका विलायती नाचाच्या गाण्याची, आणि भाऊसाहेबांना दिली. ते खूष झाले. त्यात मधल्या एका पानावर कोपऱ्यात दरबारचा लाल शिक्का होता. तो समोरून सरकला की भाऊसाहेब ताठ होऊन सलाम करत. पाय थांबवत नसत.

नकाशात जे दिसतं ते उतरवायचं, आपली अक्कल चालवायची नाही, हे मला कचेरीतल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वॉल्ट्झच्या मूळ कागदाला एके ठिकाणी कसर लागली होती. किड्याने पाडलेलं भोकही मी चोख उतरवलं. त्यामुळे गाणं रंगात आलं की मध्येच वरच्या पट्टीत एक "टिंग" व्हायचं.

बाईंनी मूळ भेंडोळ्यातल्या किडक्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि ते भाऊसाहेबांना शाळेत बोलावून ऐकवलं. भाऊसाहेब शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, छान आहे, पण काहीतरी गाळलंय."

*

आता शाळेच्या पियानोचं सांगतो. तो दरबाराने दिलेला. विलीनीकरणानंतर दरबारच्या वस्तूंची यादी करायला एक कारकून शाळेत आला. त्याने पियानोचं झाकण न उघडताच लिहिलं, "अलमारी, लकड़ी की, एक." कपाटं शाळेतच राहणार होती. बाई गप्प बसल्या असत्या तर प्रश्नच मिटला असता.

बाई त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या. "अलमारी नहीं है, पियानो है. लड़कियों के स्कूल में झूठ नहीं चलेगा!"

कारकुनाने खोडून पियानो लिहिलं. महिन्याभरात नोटीस आली. पियानो शाळेला भेट मिळाल्याचं पत्र दाखवावं, नाहीतर तो सरकारजमा होईल.

पत्र होतं. बाईंनी स्वतः बघितलं होतं. पण सापडेना. त्यांनी शाळा पालथी घातली, मुदती मागून घेतल्या, अर्ज केले. सकाळची प्रार्थना त्याच पियानोवर व्हायची. मुली म्हणायच्या, बाई हल्ली प्रार्थनेला डोळे मिटत नाहीत, पियानोकडे बघत राहतात. मला ते ऐकून फार वाईट वाटायचं.

*

मग मध्यभारतही गेलं, राजधानी भोपाळला ठरली, कचेऱ्यांची खोकी बांधली जाऊ लागली. एके सकाळी इंदरगंजात बाईंच्या शाळेपुढे एक साहेब आणि आठ हमाल उभे राहिले. पियानो भोपाळच्या कुठल्याशा सरकारी दिवाणखान्यात जाणार होता. बाईंनी आम्हा तिघांना निरोप धाडून बोलावून घेतलं.

"काग़ज़ था," बाई साहेबांना सांगत होत्या. "मोटा काग़ज़, कोने में लाल मुहर. मैंने अपने हाथ से अलमारी में रखा था."

"मैडम, काग़ज़ दिखा दीजिए, पियानो रख लीजिए," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

बाईंनी पदराने पियानो पुसला. म्हणाल्या, "भाऊसाहेब, एकदा वाजवा. मग घेऊन जाऊ दे." त्यांनी कपाटातून मूळ वॉल्ट्झ काढला. भाऊसाहेबांनी तो बाजूला ठेवला. "हा अपुरा आहे. मी माझा आणलाय."

भाऊसाहेबांनी वाजवायला घेतलं. हमालही ऐकू लागले. टिंग झालं. जरा वेळाने लाल शिक्का आला आणि भाऊसाहेबांनी सलाम केला.

"थांबा!" बाई ओरडल्या.

पाय थांबले. कागद थांबला. बाई पुढे झाल्या, साहेब पुढे झाले, दोघांनी माना वाकड्या केल्या. मी भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा बघू लागलो.

"यह पियानो... कन्या पाठशाला को... सदा के लिए भेंट..." साहेब भोकं ओलांडत वाचत होते. "तारीख़ कहाँ है? यहाँ तो छेद है. यह किसने किया?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सायकलला बांधलेला तो गठ्ठा त्यांनाही आठवला असावा. साहेबांकडे वळून त्या म्हणाल्या, "वहाँ सुर है."

साहेबांनी हात पुढे केला. "यह पन्ना निकालकर दीजिए, फ़ाइल में लगेगा."

शास्त्रीबुवा पहिल्यांदाच बोलले. "निकालेंगे तो फट जाएगा, साहब. सरकारी काग़ज़ है."

साहेब मुलींच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे छातीशी आले. त्यांनी दौत मागवली, फाइल उघडली, पुष्कळ वेळ विचार केला, आणि लिहून झाल्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"मूल दस्तावेज़ पियानो में लगा हुआ है. दस्तावेज़ की सुरक्षा के लिए पियानो को यहाँ से हिलाया न जाए."