फळी टेकवून निघालो

टेम्पोवाल्याने इंजिन सुरू केले तरी आत्याबाई अंगणातच होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी उंबऱ्यावरून एकदा हात फिरवला, कोपऱ्यातली जुनी लाकडी फळी उचलली आणि चौकटीला तिरपी टेकवली. कुत्री आत शिरू नयेत म्हणून आमच्या शिंगणापुरात घरोघरी अशी फळी असते. चौकटीला दार नसते. मग कडी-कोयंड्याचा आणि कुलपाचा प्रश्नच येत नाही. "झालं. चला," एवढेच म्हणून त्या टेम्पोत चढल्या.

गाव सोडून गेलेल्यांच्या हकिकती मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांत बहुधा कुलूप लागल्याचा आवाज असतो, शेजारणीच्या हातावर ठेवलेली किल्ली असते. आमच्या निघण्याला असा क्षण लाभला नाही. शेतावर जाताना टेकवायची तीच फळी, तशीच टेकवून आम्ही निघालो. त्यामुळे आपण खरोखरच निघालो आहोत का, याविषयी माझ्या मनात बरेच दिवस संभ्रम राहिला.

गावात राहिलेल्या आणि गावाबाहेर पांगलेल्या तुम्हा सर्वांसाठी हे लिहिते आहे. लिहिण्याची सवय नाही. संस्कृत घेऊन एम. ए. झाले, पण ते शिक्षण प्रपंचात कोणी कधी मागितले नाही. यजमान गेल्यावर, पन्नाशी ओलांडल्यानंतर, नगरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला नोकरी मिळाली. बरोबरीच्या बायका सुनांवर घर सोपवतात त्या वयात मी हजेरीपटावर सही करायला शिकले. फोनवर तुम्ही विचारता, "करमतं का?" मी "हो" म्हणते. खरे उत्तर असे, की मला भीती वाटते.

माळीवाडा वेशीपासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. दाराला वर कडी, खाली बोल्ट आणि मध्ये ओढले की आपोआप लागणारे लॅच. पहिल्या संध्याकाळी मी तिन्ही लावली आणि त्या क्षणापासून भिऊ लागले. शिंगणापुरात दागिने उघड्या घरातल्या डब्यात असत आणि मी निश्चिंत झोपत असे. शनिदेवाच्या गावात चोरी करून कोणी सुखाने जात नाही, हे आम्ही दुधाबरोबर प्यायलो होतो. इथे दार आले, आणि दाराबरोबर दारापलीकडचा कोणीतरी आला. जिन्यात पाऊल वाजले की माझा हात कडीकडे जाई. बहुतेक वेळा ते पाऊल समोरच्या शमीमभाभींचे असे. त्यांच्याशी चार वाक्ये बोलण्याचे धैर्यही मला झाले नव्हते. कामावर जाताना मी अर्धा जिना उतरून पुन्हा वर येई आणि दार ओढून पाही.

आत्याबाईंना यातले काहीच शिवले नाही. त्यांचे माहेर पाथर्डीकडचे, ऊसतोडीचे. दसरा झाला की बैलगाडीत संसार भरायचा, साखर कारखान्याच्या परिसरात उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायची आणि उन्हाळ्यात मोडून परत फिरायचे, असे त्यांचे बालपण गेले. मी आयुष्यात एकदा घर हलवले आणि हादरले. त्यांनी ते किती वेळा हलवले, याचा हिशेब त्यांनाही नाही. "कोपीला कुठं आलं दार?" त्या म्हणत. "पाचट सारायचं, आत जायाचं. वाघ आला तर तोबी तसाच येनार."

पहाटे आंघोळ उरकून त्या फिरायला जात आणि दार सताड उघडे टाकून जात. मी घाबरून सांगे, निदान ओढून तरी घ्या. यावर त्यांचे उत्तर ठरलेले: "आत तू हाईस की. मानूस आत असताना दार लावत्यात व्हय? ते काय खुराडं हाय?"

चहाच्या वेळी परतून त्या आपली वाट मला सांगत. वेशीखालच्या फुलवाल्या, कापडबाजारातली उघडू लागलेली दुकाने, किल्ल्याचा खंदक, तिथली झाडे आणि बगळे, मग दिल्ली दरवाजातून वळून घरी. नगरच्या वेशींचे त्यांना फार कौतुक. "एवढ्या मोठ्ठाल्या कमानी ऱ्हायल्यात, पर एकीला फळी न्हाई. आन् आपल्या खुराड्याला तीन तीन कड्या!" ऐकून ऐकून ती वाट मला मुखोद्गत झाली होती, पाहिलेली मात्र नव्हती. मी घरापासून रिक्षाने जात असे आणि रिक्षाने येत असे. रस्त्यातली कुत्री, वाहने, अनोळखी माणसांच्या नजरा, या सर्वांचे मला भय होते. आणि कोणाला पत्ता विचारावा लागेल, याचे त्याहून अधिक.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी आत्याबाई परतल्या नाहीत. चहा निवला. मोबाईल त्यांनी नेहमीप्रमाणे चार्जिंगलाच ठेवला होता. गॅलरीत उभी राहिले आणि एकाएकी आदल्या दिवशीचे त्यांचे बोलणे आठवले: "त्या चांदबिबीच्या म्हालात एकदा जायाचं हाय. ल्हानपनी गाडीतनं खालूनच बघितला. बा म्हनायचा, फुडल्या सालाला दावतो. त्याचं फुडलं साल काय आलंच न्हाई."

तो महाल ज्या डोंगरावर आहे, त्याच्या अंगाला त्याच आठवड्यात बिबट्या दिसल्याची बोलवा होती.

मी पर्स उचलली आणि पळाले. वेशीखाली फुलांच्या टोपल्यांपुढे पोहोचले खरी, पण दोनदा पुढे होऊन मागे सरले. शेवटी एका फुलवालीला म्हणाले, "क्षमा करा, आपण एका वृद्ध बाईंना इकडून जाताना पाहिलंत का? हिरवं लुगडं, कपाळावर—"

"शिंगणापूरची आजी व्हय?" ती हार ओवता ओवता म्हणाली. "मंग तू ती भित्री सून!" शेजारच्या दोघी हसल्या. माझा चेहरा पाहून मात्र तिचा हात थांबला. "किल्ल्याकडं गेली बाई. जा, धाव."

किल्ल्याच्या खंदकापाशी बगळे होते, आत्याबाई नव्हत्या. तिथल्या चहावाल्याला विचारताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो म्हणाला, "आजी पाथर्डीच्या जीपमदी बसली. म्हालावर जाते म्हनली. म्या म्हनलं, बिबट्या हाय. तर म्हनती, माझ्यात मांस कुठं ऱ्हायलंय?"

पुढची जीप मिळाली. भिंगार मागे पडले, मोकळे माळ सुरू झाले आणि डोंगरावरचा तो अष्टकोनी महाल दिसू लागला. पायथ्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा वळणावळणाच्या चढणीवर माझ्याखेरीज कोणी नव्हते. दोन्ही बाजूंना कमरेएवढे पिवळे गवत. वारा आला की सगळे गवत एका दिशेने वाके आणि त्यात काहीतरी चालते आहे असे वाटे. हाक मारावी तर ज्याने ऐकू नये तोही ऐकेल. न मारावी तर आत्याबाईंना कसे कळावे? एका वळणावर पायाजवळूनच तित्तिरांची जोडी फडफडत उडाली आणि मी रस्त्यातच मटकन बसले. शेजारी कोणी असते तर लाजले असते. नव्हते, म्हणून रडले. मग उठले, कारण परत जाण्याची वाटही त्याच गवतातून होती.

महालाच्या पायऱ्या चढले. आठही बाजूंच्या उंच कमानींतून वारा आरपार जात होता. एका कमानीत, पाय खाली सोडून, आत्याबाई भाकरी खात बसल्या होत्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या, जणू मी भाजी घेऊन परतले होते. "बघ तरी. एवढं दगडाचं बांधकाम, आन् दार न्हाई कुठंच. म्हनलं, हे तर आपल्यातलंच दिसतंय."

मी रागावणार होते. त्यांनी मला जवळ बसवले, अर्धी भाकरी पुढे केली आणि खालच्या पाथर्डी रस्त्याकडे बोट दाखवले. "तिथनं जायची आमची गाडी. म्या मागं बसलेली, मान वर करून. आज वरनं बघितलं." मग माझ्याकडे वळून, ओठ दाबून हसत त्यांनी विचारले, "सुमन, दार लावलंस का गं?"

मी पर्स उघडली. किल्ली नव्हती. ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती, आणि दार मी ओढलेसुद्धा नव्हते.

येताना जीपमध्ये मी मनाशी घरातल्या वस्तू मोजत होते. यजमानांचा फोटो, कपाटातल्या पाटल्या, आत्याबाईंची पितळी डबी, ग्रंथालयातून आणलेली पुस्तके, एकेक वस्तू डोळ्यांपुढून नाहीशी होत होती. आत्याबाई मात्र खिडकीतून माळ पाहत होत्या.

जिना चढले. दार सताड उघडे होते आणि त्यात, उंबऱ्यावरच, प्लास्टिकची खुर्ची टाकून शमीमभाभी मेथी निवडत बसल्या होत्या.

"आजी दार उघडं टाकून जातात, ते माहितीये मला," त्या मान वर न करताच म्हणाल्या. "रोज लक्ष ठेवते मी. पण आज तुम्ही पण? ओढून घेणार होते, तर आत किल्ली दिसली. लॅच लागलं असतं म्हणजे बसला असतात दोघी जिन्यात. म्हणून मीच बसले."

मी आभाराचे वाक्य जुळवू लागले. आत्याबाईंनी माझी सुटका केली. "भाभी, काय सांगू? सूनबाई आज पैल्यांदा शिंगणापूरची झाली!"

त्या दिवशी आम्ही तिघींनी चहा घेतला. सकाळी सकाळी माझ्या ज्या दाराची शमीमभाभी राखण करीत आल्या होत्या, ते त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून मी कितीदा लावले होते, हे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी तो विषय काढला नाही.

आता रविवारी मीही आत्याबाईंबरोबर वेशीतून किल्ल्यापर्यंत जाते. फुलवाली "आली का भित्री?" म्हणून विचारते आणि मी "आले" म्हणते. भीती गेलेली नाही. कुत्रे दिसले की मी आत्याबाईंच्या पलीकडच्या बाजूला होते, आणि रात्री तिन्ही कड्या लावते. परंतु आत्याबाईंनी कापडबाजारातल्या कोणाकडून तरी खोक्याची एक फळी मिळवली आहे. दिवसा आम्ही घरात असलो की दार उघडे असते आणि ती चौकटीला तिरपी टेकवलेली असते. शमीमभाभी ती सरकवून आत येतात.

घर कशाला म्हणावे, हे मला नेमके सांगता येणार नाही. एवढेच सांगते, की त्या दिवशी डोंगरावरून उतरताना ज्या जागेसाठी माझा जीव उडाला होता, ती नगरची होती. शिंगणापूरच्या घरासाठी मी तोवर कधी भ्याले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. आता मात्र अधूनमधून त्याचीही काळजी वाटू लागली आहे. तेव्हा संकोच बाजूला ठेवून तुमच्यापाशी एक मागणे मागते. आमच्या अंगणावरून कोणाचे जाणे झाले आणि वाऱ्याने फळी पडलेली दिसली, तर तेवढी उचलून पुन्हा टेकवून ठेवा.