बाटलीत पेट्रोल मिळणार नाही

आर्वी रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर मी कामाला लागले, तेव्हा आमच्या रोहणा गावातल्या बायका मला पाहून हसायच्या. घरातली सून, आणि गाड्यांत पेट्रोल भरते! सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवशी माझा गणवेशाचा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला.

एका दुपारी एक मोटारसायकलवाला आला आणि त्यानं प्लास्टिकची बाटली पुढे केली. बाटलीत पेट्रोल द्यायचं नाही, हा पंपाचा नियम. पंपाच्या मालकांनी, शेठजींनीच, तसा बोर्ड लावला होता. मी बोर्डाकडे बोट दाखवलं.

"बाई होऊन मले कायदा शिकवून राह्यली का?" तो ओरडला आणि गाडीला कुलूप लावायची लोखंडी साखळी घेऊन अंगावर आला. डोकं वाचवायला मी हात वर केला. मनगटातून कडकन आवाज आला. पलीकडे हवा भरणारी माझी मैत्रीण धावली, तिच्या ओरडण्यानं माणसं जमली आणि तो पकडला गेला.

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. माझ्या मनगटात प्लेट बसली, पण बोटं काही पुरती मिटेनात. भाकरी थापता येईना, वेणीसुद्धा सासूबाईच घालायच्या.

शेठजी दवाखान्यात येऊन गेले. "देखो बाई, मारलं त्यानं. भरपाई त्याले माग. तुमच्या दोघांचं भांडण, पंपाचा त्यात काय संबंध?"

मला ते पटल्यासारखं झालं. त्यांनी कुठे मारलं होतं मला? पण ते गेल्यावर सासूबाई उसळल्या. "तो माणूस तुह्या ओळखीचा होता का? तू का घरचं पेट्रोल इकत होती? मालकाचं काम करता करता हात मोडला. मग काऊन भिऊन राह्यली?"

त्याच मला वर्ध्याला एका वकीलबाईंकडे घेऊन गेल्या. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मालकाची चूक होती का, हे शोधायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं दाखवलं की जबाबदारी त्यांची."

साक्षीदार हवा होता. शेठजींनी मैत्रिणीला आधीच बजावलं होतं, की कोर्टात गेलीस तर कामावर यायचं नाही. मी तिला गळ घालायला गेलेच नाही. तिच्या घरची चूल त्याच पगारावर पेटायची. एका संध्याकाळी तीच दारात उभी राहिली. "ताई, मी येतो साक्षीले. माह्या डोळ्यानं पाह्यलं, ते मी काऊन लपवू?"

कामगार न्यायालयात तिनं पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, एकदाही अडखळली नाही. मग शेठजींची पाळी आली. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "बाटलीत पेट्रोल देऊ नये, हा नियम कोणाचा?"

"आमच्या पंपाचा."

"हिनं दिलं असतं तर?"

शेठजी ताठ मानेनं म्हणाले, "कामावरून काढलं असतं. नियम म्हणजे नियम."

"म्हणजे तुमचा नियम पाळला म्हणून हिनं मार खाल्ला."

शेठजींनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकीलसाहेब खाली मान घालून कागद चाळत होते. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं माझी मांडी इतक्या जोरात दाबली की मी ओरडता ओरडता राहिले.

निकाल माझ्या बाजूनं लागला. हा हल्ला कामामुळेच झाला, भरपाई मालकानं द्यावी, तीही व्याजासकट, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. मारणाऱ्याचा फौजदारी खटला वेगळा, तो चालूच राहील, असंही सांगितलं. मी रडेन असं वाटलं होतं, पण मला हसूच आवरेना.

मैत्रिणीला कामावरून काढायची शेठजींची हिंमत झाली नाही. मी आता तिथेच आत बसून बिलं करते. शेठजी माझ्याशी अजून मोजकंच बोलतात, पण बाहेर त्यांनी एक रखवालदार नेमलाय.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र सासूबाईंना कोणी थांबवू शकलं नाही. तारखेला आलेल्या एका अनोळखी बाईला त्यांनी बाकावर धरून बसवलं, मला हात धरून पुढे ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे माही सून. आत्ताच केस जितून आली!"