गालावरचा पोपटी रंग

माझा नवरा मारायचा, पण शहाणपणानं मारायचा. पाठीवर, कमरेवर, मांड्यांवर. लुगड्याखाली झाकेल तिथंच. तोंडाला त्यानं कधी बोट लावलं नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, दारात मोटार आली.

मोटार म्हणजे तीन चाकांचं डबडं. नवरा हिंगोलीत एका डॉक्टरांचा ड्रायव्हर होता. डॉक्टरांनी हौसेनं घेतलेली ही गाडी वर्षा-दीड वर्षात त्यांच्या मनातून उतरली आणि आमच्या अंगणात आली. सत्तरचं दशक सरत आलं होतं. गाडीला पत्रा असा नव्हताच. सगळं अंग प्लास्टिकचं, टिचकी मारली की बादलीसारखं वाजायचं. पांढरा रंग उन्हानं पिवळा पडला होता. धाकट्या दिराचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि नवरदेव ह्याच गाडीतून मिरवणार होता. गाडी नवीकोरी दिसली पाहिजे, असा हुकूम सुटला.

रंगकाम मला येत होतं. माझा बाप नरसीला बैलगाड्या रंगवायचा. आई लवकर गेली, म्हणून मी त्याच्याच हाताखाली वाढले. चाकं घासत आणि रंग कालवत. पिवळ्यात निळा थेंबाथेंबानं सोडत मी असा पोपटी काढला, की तसला अख्ख्या हिंगोलीत दुसरा नव्हता. त्या रंगाचा मला अजून अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.

त्याआधी दोनदा मी माहेरी पळून गेले होते. दोन्ही वेळा बापानं एकच विचारलं, "मारतो म्हन्तीस, मंग वळ कुटंय?" तो वाईट नव्हता. पण जावयाला चार माणसांत जाब विचारायचा तर काहीतरी डोळ्यांना दिसायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पाठ आणि मांड्या बापाला कशा दाखवायच्या? आई असती तर तिला दाखवल्या असत्या. दोन्ही वेळा बापानं मला एस.टी.नं परत आणून सोडलं आणि वर जावयाला टॉवेल-टोपी दिली. त्या टॉवेलानं नवरा तोंड पुसायचा तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तर गाडी. मी म्हणाले, "आवं, आधी पॉलिशपेपरनं घासू. ही चकाकी गेल्याबिगर रंग धरायचा न्हाई."

"तुझ्या बापाची बैलगाडी न्हाई ही. लाव मुकाट्यानं."

लावला. दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं बॉनेटवर पंजा टेकवून पाहिला, तर दुधावरची साय निघावी तसा रंग त्याच्या हाताला आला. त्यानं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून वाळला न्हाई?"

"म्या सांगितलं व्हतं."

एवढाच माझा गुन्हा. पहिली लाथ पोटात बसली. मी वाकले, त्यानं केसांना धरून मला वर ओढलं आणि रागाच्या भरात आपलं सगळं शहाणपण विसरला. गालावर अशी चपराक बसली की कानात शिट्टी वाजली. तोंडात रक्ताची चव आणि नाकात तेलरंगाचा वास. गालाला हात लावणार तोच मला कळलं की लावायचा नाही, त्याचा ओला पंजा तिथं उमटलाय.

सासूला ते माझ्याही आधी कळलं होतं. ती रॉकेलची चिंधी घेऊन धावत आली. "पूस, पूस लवकर. पावने येऊन राहिलेत." मी तिला ढकललं. ती ओट्यावर जोरात आपटली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. नवऱ्यानं चाक काढायचा पाना उचलला. त्यानं भिरकावला, तो माझ्या खांद्याला घासून गेला. मी तशीच अनवाणी स्टँडवर पळाले.

एस.टी.त बायका पदराआडून पाहत होत्या. होळी होऊन दोन महिने झाले होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, तोंडाला रंग लागलाय." मी म्हणाले, "म्हाईत हाये."

बाप अंगणात एका गाडीचं जू घासत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. पाणी दिलं. मी ओट्यावर बसून राहिले. येणारे-जाणारे थांबत, पाहत आणि पुढे जात. संध्याकाळपर्यंत सगळी भावकी पाहून गेली.

दिवस कलला आणि नवरा आला. आला तोही त्याच गाडीतून! ओल्या रंगावर धूळ चिकटली होती, कडुनिंबाचा पाला चिकटला होता. पण रंग ओळखू येत होता.

"म्या हात बी लावला न्हाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "गाडीवर पडली ही. त्याचा रंग हाये."

बाप उठला. त्यानं जावयाचा उजवा हात मनगटाला धरला आणि माझ्या गालाजवळ आणला. नखांत पोपटी रंग होता. मी डोळे मिटले. चार बोटं, अंगठा, करंगळीची वाकडी पेरं. सगळं गालावरच्या खुणेवर बराबर बसलं.

बापानं शेजारच्या जुवाची शिवळ उपसली. ती बैलाच्या मानेशी असते, बाभळीची, हातभर लांब. पहिला घाव त्याच हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. नवरा खाली पडला तरी बाप थांबेना, पाठीवर, कमरेवर, मांड्यांवर. भावकीतल्या दोघांनी त्याला मागं ओढलं. मी मध्ये पडले नाही. मला बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं. नवऱ्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी पुन्हा त्या घरी गेले नाही.

सगळे पांगल्यावर बाप चिंधीला रॉकेल लावून माझ्याजवळ आला आणि लहानपणी पुसायचा तसा माझा गाल पुसू लागला. रंगाखाली गाल सुजून काळानिळा झाला होता. त्याचा हात थांबला.

मी विचारलं, "आता दिसलं का?"

त्यानं मान खाली घातली. मग मी त्याच्याकडे पाठ केली आणि चोळी वर करून त्याला पाठ दाखवली.