पोरीच्या मापाची बंदूक

माझा साळा वाईट माणूस नाही, असं मी गेली दोन वर्षं बायकोसमोर म्हणत आलो आहे. इथे बायको नाही. तो बिनडोक माणूस आहे. आणि त्याचं ऐकणारा मी त्याच्याही एक पायरी खाली उभा आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी बाजू घ्यायची तसदी घेऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सासुरवाडीला गेलो होतो, नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलाला लागून. उशिरा पिकणारं भारी धान पिवळं पडायला लागलं होतं आणि चितळं रोज बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरत होती. ती खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. साळ्याने वनखात्यात भरपाईचा अर्ज दिला, गार्ड येऊन फोटो काढून गेला, चितळं मात्र येतच राहिली. त्याचा राग खरा होता, ते मी नाकारत नाही. रागाचं त्याने पुढे काय केलं, त्याची ही हकीकत आहे.

त्याने मोबाईल काढला. बाजेवर पडून आम्ही दोघांनी एक व्हिडिओ पाहिला. परदेशातला कोणी बाप, डोक्यावर नारिंगी टोपी. सोबत आठ-नऊ वर्षांची पोरगी आणि पोरीच्या हातात तिच्याच मापाची छोटी रायफल, गुलाबी दस्त्याची. बाप तिच्या कानात काहीतरी कुजबुजतो, ती चाप ओढते, लांब कुठेतरी हरीण पडतं आणि बापलेक एकमेकांना मिठी मारतात. साळ्याने तो तीनदा लावला.

"पाहा भाऊजी, त्याईच्या पोरी काय करून राहिल्या. आन आपल्या पोरी कागदाले भोकं पाडून राहिल्या."

हा टोमणा माझ्या मुलीला होता. ती तेव्हा बारा वर्षांची होती. गोंदियाला शाळेच्या रायफल क्लबात जायची, दहा मीटरवरून कागदावरच्या काळ्या ठिपक्यात छर्रे मारायची, आणि फार सुरेख मारायची. हे तिने माझ्याकडून घेतलेलं नाही. क्लबात एकदा पालकांनाही हात आजमावू दिला होता, तेव्हा मी शेजारच्या पोराच्या कागदावर मारलं आणि त्याचे दोन गुण वाढवले.

साळ्याला मी सांगायला हवं होतं, की बाबा, तिकडे परवाना असतो, हंगाम असतो, रायफल खरी असते. इकडे चितळाला हात लावणं गुन्हा आहे. मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर लोकांना नियम दाखवून परत पाठवणं हेच माझं काम. पण सासुरवाडीत जावयाला एक रोग जडतो. समोर सगळे "जवाई, जवाई" करत वाढतात, आणि पाठ वळली की म्हणतात, शहरातला आहे, याला बैल जुंपता येत नाही. खरंच येत नाही. बेचाळिसाव्या वर्षी, सुटलेल्या पोटानिशी, मला त्या बाजेवर एकदा मर्द दिसायचं होतं.

"त्यात काय," मी म्हणालो. "मी शिकवतो तिला."

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उजळला. तो चेहरा आठवला की आजही स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

गोंदियात येऊन मी छर्र्याची बंदूक घेतली. दुकानदाराला म्हटलं, "बच्ची के हिसाब से छोटी दिखाओ." तो म्हणाला, "भैया, बंदूक तो यही है. बच्ची बड़ी हो जाएगी." पण मला धीर नव्हता. दुसऱ्या एका व्हिडिओत माप घ्यायची रीत दाखवली होती. हात कोपरात वाकवायचा आणि कोपराच्या खळगीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं, तेवढा दस्ता. पोरीला घेऊन मी सुताराकडे गेलो. त्याने तीन बोटं लाकूड कापलं, वर जुन्या चपलेचा रबरी तळवा बसवला. बंदूक तिच्या खांद्याला अशी बसली, जशी शिंप्याने बेतलेली. मी फोटो काढून साळ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "गुलाबी रंग कायले नाई मारला?"

दोन रविवार शहराबाहेरच्या पडीक जमिनीवर मी तिला शिकवलं. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर चितळ काढलं होतं. जाणाऱ्या एका बाईने विचारलं, गाढवाला देवी आल्या का. डोळ्याच्या जागी मी बायकोची लाल टिकली लावली होती. पोरगी पंधरा पावलांवरून ती टिकली उडवायची. मी मागे उभा राहून "श्वास रोख, हळू दाब" असं म्हणत राहायचो. ते तिला माझ्याआधीपासून येत होतं.

दुसऱ्या रविवारी घरी येताना गाडीवर मागून तिने विचारलं, "बाबा, लागलं की ते लगेच मरेल ना?"

"लगेच."

"त्याला कळणार नाही?"

"कळायच्या आत."

हे मी कशाच्या जोरावर सांगितलं? जन्मात मी डासापेक्षा मोठं काही मारलेलं नव्हतं. व्हिडिओत हरीण पडल्यावर लगेच मिठीचं दृश्य होतं, मधलं कापलेलं होतं. त्या कापलेल्या तुकड्यावर मी पोरीला शब्द दिला. तोही छर्र्याच्या बंदुकीच्या बाबतीत, जिच्याने कबुतर पडलं तर नशीब.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत सासुरवाडीला गेलो आणि उजाडता उजाडता साळा, मी आणि पोरगी धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडामागे बसलो. सहा-सात चितळं बांधीत उतरली. एक मादी आमच्याकडे उजवी बाजू करून, पंधरा-सोळा पावलांवर, लोंब्या ओरबाडत होती. साळा पुटपुटला, "मार बाई." मी व्हिडिओतल्या बापासारखा तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "डोळा."

टप्पकन आवाज झाला, पाटीवर खडू मोडावा एवढाच. मादीने मान वर फेकली, जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेतली, कडेच्या पळसाला धडकली आणि कळपामागे जंगलात गेली. पडली नाही.

"चुकलं," मी म्हणालो. माझा आवाज आनंदाचा होता, हेही लिहायलाच हवं.

"नाही चुकलं."

"अगं, पळाली ना ती."

"बाबा, मला कळतं. डोळ्यातच लागलं."

साळा उठून पँट झटकायला लागला. "लागलं असन त मरन जंगलात. चाल, चहा मांडला असन तुह्या मामीनं."

तिने बंदूक धुऱ्यावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हटलं होतं लगेच." एवढं बोलून ती बांधी तुडवत जंगलाच्या दिशेने चालायला लागली.

शेजारच्या बांधीतून एक म्हातारा आमच्याकडे येत होता. गोंड, सत्तरीच्या पुढचा. तरुणपणी बापाबरोबर शिकारीला गेलेला, आता उन्हाळ्यात जंगलातल्या आगी विझवायच्या कामावर जाणारा. त्याने सगळं पाहिलं होतं. आम्हा दोघांना ओलांडून तो पोरीपाशी गेला.

"कुठी लागला, बाई?"

"उजव्या डोळ्यात, आबाजी."

"तुनं पाहिलं?"

"हो."

"मंग चाल."

मी चपला ओढत मागे गेलो. साळाही आला, कारण पोरगी त्याच्या बहिणीची होती. म्हातारा वाकून जमीन पाहत चालत होता आणि मान न वळवता मला विचारत होता.

"जवाई, काय काय शिकवलं इले?"

"श्वास. नेम. चाप."

"आन मंग?"

"मग काय?"

तो थांबला. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा बाजूला थुंकला. "माह्या बापानं मले तीन साल बाण धरू नाई देल्ला. पयलं साल नुसतं बसाव. डास चावले तरी हात नाई हालवाचा. दुसऱ्या साली दुसऱ्यानं मारलेल्या जनावराच्या मागं चालाव. दिवस बुडेपर्यंत. पायाले काटे, पोटात काई नाई, जनावर मरून नाई राहिलं, आन आपण मागं मागं. मंग कापाव, घरोघर वाटाव. सगळ्यात शेवटी बाण. तोपर्यंत अर्ध्या पोरांची हौस फिटून जाये." तो पुन्हा चालायला लागला. "तुमी दोन आयतवारात बाण देल्ला. आन आता त तेही बंद हाये. मी सोडलं, माह्या पोरानं धरलंच नाई. तुमी शिकले-सवरले माणसं काऊन सुरू करून राहिले?"

"बुढ्या, तू आपलं रस्ता पाह्य," साळा म्हणाला.

"तेच पाहून राहिलो. तुले दिसत असन त तू हो पुढं."

साळा मागे सरकला. त्या दिवसभरात मला बरं वाटलेली ही एकच गोष्ट.

पानांवर, गुडघ्याच्या वर, बारीक थेंब होते. म्हाताऱ्याने पोरीला एका रोपट्याच्या सालीत अडकलेले केस दाखवले. "इकडचं दिसत नाई तिले. म्हणून इकडच्या झाडाले घासून घासून जाऊन राहिली." तासाभरात पोरगी त्याच्याआधी थेंब शोधायला लागली. मी दोनदा परत फिरायचं सुचवलं. तिसऱ्यांदा सुचवायच्या आत नाल्याच्या कडेवरून घसरून खाली गेलो, एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. वर काढायला साळा आला. पोरीने वळूनही पाहिलं नाही.

ऊन चढल्यावर मादी सापडली. बांबूच्या एका बेटाजवळ उभी होती, मान खाली, एकाच बाजूला गोल गोल फिरत. डोळ्याच्या जागी काय होतं ते मी लिहीत नाही. पोरीने पाहिलं, तेवढं पुरे.

"अजून जिवंत आहे," ती म्हणाली.

"दोन-चार दिवस राहीन," म्हातारा म्हणाला. "मंग कुत्रे."

"आता काय करायचं, आबाजी?"

तिने मला विचारलं नाही. म्हातारा खाली बसला. "पयले असतं त कुऱ्हाडीनं सोडवलं असतं. आता तोही गुन्हा. जंगलखात्याच्या नाक्यावर सांगाव लागन. डाक्टर आणतेत ते, जाळी आणतेत."

"सांगाव लागन म्हंजे?" साळा उसळला. "भाऊजी, नोकरी जाईन तुमची. जेल होईन. एका चितळीपाई? आपल्याले काई माईत नाई, आपण घरी चाललो."

मी तेव्हाच फोन काढला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी विचार केला. नोकरी आठवली, साहेबाचा चेहरा आठवला, पेपरातला फोटो आठवला आणि त्या फोटोत माझं पोट कसं दिसेल तेही आठवलं. ते जनावर समोर गरगरत होतं आणि मी पोटाचा विचार करत होतो. पोरगी माझ्याकडे पाहत होती. किती वेळ ते माहीत नाही, पण तिला जे कळायचं ते कळण्याइतका.

"फोन द्या," ती म्हणाली.

मी दिला. ती रेंजसाठी टेकाडावर चढली, म्हाताऱ्याने नाक्याचा नंबर सांगितला, तिने लावला. घंटी वाजायला लागली तेव्हा तिने तिथूनच मला हाताने बोलावलं. मी एका चपलेने वर गेलो. तिने फोन माझ्या कानाला लावून धरला. मग मी बोललो.

नाक्यावरचे लोक आले, जाळी टाकून मादीला नेलं. गार्ड आमच्याबरोबर धुऱ्यापर्यंत आला आणि तिथे पडलेली बंदूक त्याने उलटीसुलटी करून पाहिली.

"दस्ता काऊन कापला? पिशवीत लपवाले?"

"नाही. पोरीच्या मापाला."

त्याने एकदा दस्त्याकडे, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं. सराईत शिकारी असतो तर त्याला सोपं गेलं असतं.

"गोळी कोणं मारली?"

"मी," मी म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदाच मी काहीतरी बापासारखं करत होतो, असं मला वाटलं.

"खोटं बोलून राहिले," पोरगी म्हणाली. "मी मारली."

"बाई, तू गप्प राह्य," साळा मध्येच म्हणाला.

"यांना जमत नाही काका. विचारा कोणालाही. मी मारली, लिहा."

गार्डने माझंच नाव लिहिलं. साळ्याने मान हलवून साक्ष दिली. परतताना पोरगी म्हाताऱ्याबरोबर पुढे चालत होती.

मी काही महिने निलंबित होऊन घरी बसलो, तारखा अजून चालू आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मादी वाचली, एका डोळ्याने. जंगलात सोडता येत नाही म्हणून कुंपणात आहे, असं म्हाताऱ्याकडून कळलं. मुलगी तिला बघायला जायचं म्हणत होती, परवानगी मिळाली नाही. माझा राग आहे तो साळ्यावर. तो हे लग्नाच्या पंगतीत गोष्ट म्हणून सांगतो. मी नाल्यात कसा पडलो, चप्पल कशी गेली, अंगविक्षेपासह. लोक लोटपोट होतात. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात मीही हसलो, सांगण्यात भरही घातली, कारण गोष्ट सांगायचं कौशल्य माझ्यात त्याच्यापेक्षा जास्त आहे. पोरगी समोरच्या ओळीत बसली होती. तिने पत्रावळीवर हात धुतला आणि उठून गेली.

गार्डच्या त्या कागदावर आपलं नाव नाही, ही गोष्ट तिने मला माफ केलेली नाही. मी तिला वाचवलं, असं मी एकदा म्हणालो. "मला कोणी विचारलं?" ती म्हणाली. त्यावर मी ओरडलो, तीही ओरडली, बायकोने दोघांना वेगवेगळ्या खोलीत जेवायला वाढलं.

वर्षभराने ती क्लबात परत जायला लागली. आता चौदाची आहे, क्लबाची मोठी रायफल वापरते. रविवारी मी गाडीवर सोडायला जातो. परवा फाटकापाशी विचारलं, "मी येऊ का आत? नुसता बघतो."

"नको. बाहेरच थांबा."

मी समोरच्या पानठेल्यापाशी थांबतो. तिथवर आतले आवाज येतात, टप्प, मग बराच वेळ काही नाही, मग टप्प. ठेलेवाल्याने विचारलं, "भैया, हर इतवार बाहर ही खड़े रहते हो, अंदर नहीं जाते?"

"लड़की जाने नहीं देती," मी म्हणालो.

"क्यों?"

मी त्याला खर्रा घोटायला सांगितला.