कुंकवाच्या दुरुस्त्या

आमचे दाजी, म्हणजे माझ्या वनिताआक्काचे यजमान शहादेव मास्तर, चकलांब्यात राहतात. शाळेतून निवृत्त झाले, पण शुद्धलेखनातून काही झाले नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जातो. त्यांच्या लग्नात मी हौसेनं मांडवाच्या फळीवर 'स्वागतोत्सुक : धूळाजी' असं लिहिलं होतं. मांडवात पाऊल टाकण्याआधी नवरदेवानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "धूळ दीर्घ, पण धुळाजी ऱ्हस्व. शेपूट वाढलं की पहिलं अक्षर आखडतं." अशा माणसाच्या घरात आपली आक्का चालली, याची मला तेव्हाच धास्ती वाटली.

ती धास्ती खरी ठरली भाचीच्या, वर्षाराणीच्या सोयरिकीत. गेवराईकडचं चांगलं स्थळ होतं. घर बघायला गेलो, तर मुलाच्या बापाच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स दारातच लावलेला. चहा येईपर्यंत हात धुऊन येतो म्हणून दाजी बाहेर गेले आणि 'हार्दीक शूभेच्छा'ला लाल गोल करून आले. शिवाय जुन्या सवयीनं खाली सहीही ठोकली. आता चोर शोधायलाही कुणाला लांब जावं लागलं नाही. सोयरीक तिथंच मोडली.

त्यानंतर कडा गावचं स्थळ आलं. मुलगा पवन, सरळ आणि बोलका. त्याच्याशी फोनवर बोलताना वर्षाराणी हसायची. मागची सोयरीक मोडल्यापासून त्या घरात कुणी मोकळं हसलं नव्हतं. आक्कानं घरातले सगळे लाल पेन गोळा करून ज्वारीच्या कणगीत टाकले आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"आवं, या बारीला काई चुकलं-माकलं दिसलं तर डोळे मिटा. पोरीचं लगीन हाय, वही न्हाई. हे मोडलं तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार न्हाई."

"लाल पेन हातात धरणार नाही," दाजी म्हणाले. दाजी शब्दाचे पक्के. नको तितके पक्के.

दोन्ही घरची मिळून एकच पत्रिका ठरली होती. ती कड्याकडून छापून आली. दाजींनी उघडली आणि दाढ दुखत असल्यासारखं तोंड केलं. 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' झालेला. व्याही 'त्रींबकराव', मुलाची आत्या 'सूभद्राबाइ'. नवऱ्याची तगमग आक्काला बघवेना. हाताला काम असलं की डोक्याला आराम, असा हिशेब करून तिनं ओल्या हळदीकुंकवाच्या वाट्या त्यांच्यापुढं ठेवल्या. म्हणाली, "पत्रिकांच्या चारी कोपऱ्यांना बोटं लावा. एवढंच करा." आणि ती पापड वाळत घालायला गेली.

परत आली तेव्हा कोपरे लागलेले होते. आणि कोपऱ्यांच्या आत, प्रत्येक चुकलेल्या वेलांटीवर, उकारावर, रफारावर उदबत्तीच्या काडीनं लावलेली कुंकवाची नाजूक खूण होती. एकूण एक पत्रिकेवर.

"लाल पेन कुठं धरलंय मी?" दाजी म्हणाले.

आक्का मटकन खाली बसली. एक खूण पुसून बघितली, तर कुंकू अख्ख्या नावावर पसरलं. दुसऱ्या पत्रिका नव्हत्या, आणि सकाळी व्याह्यांकडं मानाच्या पत्रिका द्यायला जायचं होतं. कुणाच्या ध्यानात येणार नाही, अशी मनाची समजूत घालून आम्ही तिघं माझ्या जीपनं कड्याला गेलो.

पत्रिका हातात पडताच त्यांच्या ध्यानात आलं. सुभद्राबाईंनी पत्रिका उघडली, नावावरच्या दोन लाल खुणा बघितल्या आणि पत्रिका कपाळाला लावली. "बगा, नाव वाचून कुकू लावलंय. असा मान आजवर कुनी केला न्हाई." आपल्या नावावरची खूण बघून त्रिंबकरावही ताठ बसले. आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिच्या जिवात जीव आला होता.

तेवढ्यात बबनराव बोलले. हे पवनचे थोरले चुलते, घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"माझ्या नावाला कावून न्हाई?"

आता 'बबनराव' या नावात ना वेलांटी, ना उकार. छापणाऱ्यानं मनावर घेतलं असतं तरी त्याला तिथं चुकता आलं नसतं. पण हे सांगायचं कुणी? सांगितलं तर बाकीच्यांच्या मानाच्या चुका होणार, आणि नाही सांगितलं तर बबनरावांचा अपमान.

"धाकट्या भावाला कुकू, बहिनीला दोनदा," बबनराव म्हणाले. "मला मान न्हाई, तर मांडवात माजं काय काम?" आणि ते चपला शोधायला लागले. थोरला उठला म्हटल्यावर त्रिंबकरावही उठले. आक्काचा चेहरा पांढरा पडला. मला वर्षाराणीचं हसणं आठवलं.

"बसा," दाजी म्हणाले. "तुमचं मुद्दाम ठेवलंय. थोरल्याचं कुंकू समोर बसून लावायचं असतं."

दाजी खोटं बोललेले मी जन्मात ऐकलं नव्हतं. घरातून कुंकवाची वाटी आणि उदबत्तीची काडी आली. दाजींनी काडी बुडवली, ती नावावर नेली आणि हात तिथंच थांबला. काडी ब वरून न वर गेली, परत ब वर आली. बरोबर लिहिलेल्यावर खूण करायची म्हणजे त्यांच्या लेखी निरपराध पोराला छडी मारणं. आक्का हळूच खोकली. मग दाजींनी काडी खाली ठेवली, अनामिका वाटीत बुडवली आणि अख्ख्या नावावर मळवट भरावा तसं कुंकू फासलं. बबनरावांनी ते दोनदा वाचायचा प्रयत्न केला, आणि खूश झाले.

परतताना वाट वाकडी करून मी दोघांना मांजरसुंब्याला, माझ्या धाब्यावर जेवायला नेलं. दाजी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "धुळाजी, त्या नावात काहीच चुकलं नव्हतं."

"न्हवतं, दाजी."

"तरी केली मी खूण."

इतकी वर्षं मी या माणसाची चेष्टा करत आलो. त्या दिवशी मला त्याची फार माया आली. मी त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

लग्न झालं. बबनराव सगळ्यांत पुढं उभं राहून अक्षता टाकत होते.

यंदा वर्षाराणीला मुलगी झाली. बारशाची पत्रिका कड्याहून आली तेव्हा मी चकलांब्यातच होतो. पत्रिकेत कुठंही कुंकू नव्हतं, फक्त आजोबांच्या नावावर, 'शहादेव'वर, काडीनं लावलेली एक खूण होती. दाजींनी चष्मा पुसला. श बघितला, ह बघितला, दे वरची मात्रा उजेडात धरून बघितली. मग अस्वस्थ होऊन पोरीला फोन लावला.

"वर्षा, माझ्या नावात काय चुकलंय?"

"काई न्हाई चुकलं, दादा," ती म्हणाली. "मान हाय तुमचा."

दाजींनी फोन ठेवला. नावाच्या खालच्याच ओळीत ठळक अक्षरांत 'आर्शिवाद' छापलेलं होतं. ते त्यांनी बघितलं. त्यांनी बघितलेलं मी बघितलं. त्यांचा हात खिशाकडं गेला, आणि पत्रिका घडी करून खिशात ठेवून परत आला.