मायची कातडी

बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असताना मी मागच्या खोलीत उंदीर पाळले होते. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांनी ते दिले होते. एका उंदराची कातडी दुसऱ्याला लावायची आणि रोज बघायचं. परकी असली की दहा-बारा दिवसांत ती काळी पडून गळायची. आपलं-परकं ठरवणारं जनुक वाकड्या शेपटीच्या जनुकाशेजारीच बसलंय का, एवढंच शोधायचं होतं. त्यासाठी पिल्लामागून पिल्लू तपासायचं, शेपूट बघायची, लावलेल्या कातडीवरची पट्टी सोडायची. गडी नव्हता. पिंजरे मीच धुवायची. अंगाचा वास आंघोळ करूनही जात नसे.

त्याच हिवाळ्यात धामणगावला स्टोव्हचा भडका उडून धाकट्या बहिणीचा उजवा हात भाजला. माय तिला एसटीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टर कातडी लावायचं म्हणाले, तशी माय माझ्याकडे वळली.

"तू तं उंदराईले लावतं नं? मंग माह्यं चामडं काढ अन् हिले लाव."

"नाही धरत, माय."

"काऊन नाही धरत? म्या जन्म देल्ला तिले."

"तुझ्यातलं अर्धंच तिच्यात आलं. राहिलेलं तिचं अंग परकं समजते."

डॉक्टरांनी बहिणीच्याच मांडीची कातडी काढून लावली.

दोन दिवसांनी माय डबा घेऊन कॉलेजात आली. मी एका पिल्लाची पट्टी सोडत होते. आत काळी खपली होती. माय वाकून बघत राहिली.

"कोनाची लावली व्हती?"

"त्याच्या मायची."

तिनं डबा स्टुलावर ठेवला, पदर खोचला आणि पिंजऱ्यांतला ओला भुसा काढायला लागली. मी तिला थांबवायला हवं होतं. पण मी इतकी थकले होते, की भिंतीला टेकून नुसती बसून राहिले.

बहिणीची कातडी धरली. कोपर मात्र पुरतं सरळ झालं नाही. ती डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली.

उन्हाळ्यात खिडक्यांना ओली पोती लावूनही निम्मे उंदीर मेले. उरलेल्यांवरून काही ठरवणं शक्य नव्हतं. होतं तेवढं लिहून मी सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, की ही दोन जनुकं जवळजवळ असल्याचं परदेशात आधीच सिद्ध झालंय. तुमचे आकडे त्याच्या विरोधात जात नाहीत, एवढंच.

पत्र वाचून मी वर्गावर गेले. त्या दिवशी बेडकाचं हृदय शिकवायचं होतं.