मागच्या रांगेतला आवाज

नानांच्या लेकीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्यात स्कूटरचं पंक्चर काढून घेत उभी होते. "मॅडम, नाना गेले..." एवढंच बोलली पोरगी. मी वेड्यासारखी विचारत राहिले, कुठे गेले? साक्रीला, गावी गेले असतील, असंच डोक्यात आलं.

नाना आमच्या विद्यापीठातल्या विभागाचे शिपाई. वीस वर्षं मी शिकवलं आणि त्यांनी सांभाळलं, आधी मला आणि मग पोरांना. आमच्याकडे संविधान दिनाला सगळे मैदानात उभं राहून उद्देशिका म्हणतात. माइकवरचा माणूस एक तुकडा वाचतो, मागून सगळे म्हणतात. साधी गोष्ट, पण दरवर्षी फजिती ठरलेली. ते अख्खं एकच लांबलचक वाक्य! वाचणारा भलत्याच जागी तोडतो, पोरं निम्म्यात अडखळतात, पुढच्या रांगा पुटपुटतात, मागचे नुसते ओठ हलवतात. अशा वेळी सगळ्यात मागून एकच खणखणीत आवाज यायचा. नानांचा. त्यांना सगळं तोंडपाठ. त्यांचा आवाज धरून पोरं पुन्हा रांगेत यायची. मीही कधी माइकवर असले की त्यांचं होईपर्यंत थांबायचे.

"नाना, पुढे या की, तुम्हीच सांगा," मी कितीदा म्हटलं. ते हसून मान हलवायचे. "मी मांगेच बरा शे, मॅडम. माइकवरना माणूस एकला पडस." मी म्हणायचे, भारीच हट्टी आहात. तर म्हणायचे, "तुमना विद्यार्थी शे ना मी!"

निवृत्तीच्या वर्षी मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं. चहाचा कप ठेवताना, माझ्याकडे न बघता. "औंदा मी वाचू का?" मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. अहो, का नाही! आणि नेमका संविधान दिनाच्या सकाळीच वरून निरोप आला, पाहुणे येणार आहेत, तेच वाचतील. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नाना, पुढच्या वर्षी नक्की हं. खास बोलावीन तुम्हाला."

"चालस, मॅडम," म्हणाले आणि पाण्याचे ग्लास मांडायला गेले. कडक इस्त्रीचा नवा शर्ट घातला होता त्यांनी. हे मला संध्याकाळी, घरी पोचल्यावर लक्षात आलं. पाहुण्यांनी अर्धं एका दमात वाचलं, पोरं पार हरवली, आणि मागून त्या वर्षी आवाज आलाच नाही... मी एकदाही वळून पाहिलं नाही. लाज वाटते लिहिताना.

नाना गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा सुजाताने कपाटातून एक लॅमिनेट केलेला कागद आणून दिला. उद्देशिका. जागोजागी लाल पेनच्या रेघा, कुठे दम घ्यायचा त्याच्या. एका ठिकाणी दोन रेघा आणि शेजारी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'इथे थांबायचे. मागच्यांचे होऊ द्यायचे.' सुजाता म्हणाली, "महिनाभर आरशासमोर म्हणत होते. मलाही मागून म्हणायला लावायचे."

यंदा पोरांनी मलाच माइकवर उभं केलं. मी नानांच्या रेघांनी वाचलं. कुणी अडखळलं नाही, एकही रांग मागे राहिली नाही. पहिल्यांदाच सगळं मैदान एका आवाजात बोललं, आणि मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. दोन रेघांपाशी थांबले. पोरांचं म्हणून झालं. मी थांबलेलीच. पहिल्या रांगेतली मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, झालं आमचं."

"हो गं," मी म्हटलं, "एकाचं राहिलंय."